चिंचेचं वय

कळंब्याकडे जाणाऱ्या रस्त्याला आमची वनश्री कॉलनी आहे. नाव ठेवलं तेव्हा इथं सगळा ऊस होता. वन नव्हतंच, आणि श्री होती ती कारखान्याकडे जायची. पुढं प्लॉट पडले, घरं झाली, लोकांनी हौसेनं दारात एखाददुसरं झाड लावलं. झाडं मोठी झाली आणि मोठी झाल्यावर लावणाऱ्यांच्याच डोळ्यांत खुपायला लागली. कुणाला गाडी लावायला अडचण, कुणाला वरच्या मजल्याला. पण तोंडानं सगळे वृक्षप्रेमी. झाडाशी उघड वैर धरलं ते एकट्या राजमतीअक्कांनी.

राजमती शिरगुप्पे. जैन घराणं, माहेर हातकणंगल्याचं. नवऱ्याचं धान्याचं दुकान होतं. नवरा गेल्याला बरीच वर्षं झाली. मुलगा सम्मेद पुण्याला नोकरीत. घरात अक्का एकट्याच, पण रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटावं की आत दहा माणसांचं भांडण लागलंय. इकडच्या बायका बोलतात तशा अक्काही 'मी येतो, मी जातो' असंच बोलायच्या, आणि त्या 'येतो' म्हणाल्या की समोरचा निघायची तयारी करायचा.

त्यांच्या फाटकाला खेटून, रस्त्याच्या कडेला, एक चिंच होती. बुंधा असा की दोघांनी हात धरले तरी वेढा पुरा होत नसे. चिंचेचा पाला म्हणजे निव्वळ हिरवा भुसा. तो अक्कांच्या पाण्याच्या टाकीत, पन्हळीत, वाळत घातलेल्या लुगड्यांत, कुठंही सापडायचा. चातुर्मासात अक्कांना पालेभाजी वर्ज्य. नेमका त्याच दिवसांत वारा सुटायचा.

"मी पाला खात न्हाय म्हणून ही बया माझ्या आमटीत आणून टाकती," अक्का झाडू हातात घेऊन झाडाला सुनवायच्या. "एक दिवस तुला मुळापासनं काडतो बघ."

चिंचा लागल्या की शाळेतली पोरं दगड मारायची. त्यातले निम्मे अक्कांच्या कौलांवर पडायचे. निवडणुकीला मतं मागायला कुणीही येवो, अक्कांचं एकच मागणं असे, "आदी हे झाड तोडा, मग हात जोडा." प्रत्येक जण हो म्हणायचा. झाड तिथंच राहायचं, हो म्हणणारा बदलायचा.

अशात शेजारचा रिकामा बंगला उदयसिंहानं घेतला. उदयसिंह बिल्डर. ही सगळी कॉलनी एकेकाळी त्याच्याच वडलांचं, गणपतरावांचं शेत. बाप प्लॉट पाडून थांबला होता. पोरगा आता त्यांवर उभे मजले चढवत होता. पेढ्यांचा बॉक्स घेऊन तो अक्कांकडे आला.

"अक्का, तुमची पीडा गेली म्हणून समजा. चिंच जाणार. आमच्या अपार्टमेंटचं गेट तिथंच येतंय."

अक्कांना इतका आनंद झाला की त्यांनी त्याला गवती चहा घातलेला चहा पाजला, वर चिवडा दिला, आणि जाताना "देव तुझं भलं करो" असा आशीर्वादही दिला. अक्कांच्या तोंडून आशीर्वाद ऐकलेला कॉलनीतला तो पहिला माणूस.

बंगला पाडायला जेसीबी आला. अक्कांनी त्या आठवड्यात गव्हाच्या कुरडया घातल्या होत्या. गहू भिजवा, वाटा, चीक काढा, शिजवा, साच्यातून पाडा; अंग मोडून जातं. पांढऱ्याशुभ्र कुरडया फाटकापुढं बाजेवर वाळत होत्या. जेसीबी माती भरून मागं आला आणि बाजेसकट कुरडयांवरून गेला.

अक्का बाहेर धावल्या. ड्रायव्हर खाली उतरायलाही तयार नव्हता. उदयसिंह सावलीत, म्हणजे चिंचेखालीच, फोनवर बोलत उभा होता. अक्कांनी त्याला धरलं तेव्हा त्यानं फोनवर हात ठेवला आणि हसत म्हणाला, "अक्का, उन्हात कशाला आलाय? भांडायचं वय हाय का आता तुमचं? या वयात घरात बसून माळ ओढायची."

"वय? माझं वय काढालैस?"

"मग? सत्तरी गाठली की तुमी."

कामावरची माणसं हसली. आम्ही चारपाच जण कुंपणाला उभे होतो. आता जेसीबीचं काही खरं नाही, असं वाटून मागं सरकलो. पण अक्का खाली वाकल्या. कुरडयांचा चुरा पदरात गोळा केला आणि आत गेल्या. त्या न भांडता गेल्या म्हणून आम्हालाच भीती वाटायला लागली.

दुपारी समोरचे कृष्णात कुंपणाशी आले. कृष्णात एसटीतून निवृत्त झालेले. आता सकाळचं वर्तमानपत्र पहिल्या ओळीपासून निविदा सूचनांपर्यंत वाचायचं आणि दिवसभर ते ज्याला नको असेल त्याला सांगायचं, हा त्यांचा उद्योग.

"अक्का, एक सांगतो. पन्नास वर्षांपुढचं झाड असलं तर ते हेरिटेज. सहजासहजी तोडता येत न्हाय. कायदाच हाय तसा."

"हेरिटेज म्हंजे?"

"वारसा. म्हंजे वय झालं की मान."

"वय झालं की मान?" अक्कांनी विचारलं. "मग माणसाला का न्हाय?"

"माणसांचा कायदा अजून आला न्हाय."

अक्कांनी मान वर करून चिंचेकडे पाहिलं. त्यांनी तिच्याकडे शिवी न देता पाहिल्याचं आम्ही तरी पहिल्यांदाच बघत होतो.

"मग माझी चिंच हेरिटेजच हाय," अक्का म्हणाल्या. "त्या उदयसिंहाला आता वय म्हंजे काय ते दावतो."

दुसऱ्याच दिवशी चिंच तोडण्याविरुद्ध अक्कांची हरकत महापालिकेत दाखल झाली, आणि आठवडाभरात तिथले झाडांचे साहेब टेप घेऊन हजर झाले. साहेब तरुण, चष्मेवाले, बोलायला मऊ. त्यांनी बुंध्याचा घेर मोजला, वर पाहिलं, पुन्हा मोजला.

"घेरावरून नुसता अंदाज येतो," ते म्हणाले. "माती, पाणी यावर वाढ अवलंबून असते. जुन्या माणसांनी काही सांगितलं तर बरं होईल."

"चाळीस वर्षं," उदयसिंह म्हणाला, झाडाच्या बारशाला हजर असल्यासारखा. "एक वर्ष जास्त न्हाय."

"चाळीस?" कृष्णात उसळले. "साहेब, महाराजांच्या काळातली चिंच ही. महाराज शिकारीला जाताना घोडा हिच्याच बुंध्याला बांधत."

"कुणी पाहिलंय?"

"बघितलं कुणी न्हाय. पण सगळ्यांना ठावं हाय."

कोल्हापुरात कुठलंही झाड घ्या, ते महाराजांनी तरी लावलेलं असतं, नाहीतर महाराजांचा घोडा तरी त्याला बांधलेला असतो. साहेब इथं नवे नव्हते. त्यांनी चष्मा पुसला. एवढ्यात सयाजी पुढं आला. हा आमच्याच गल्लीतला, त्याची रिक्षा आहे. त्यानं छाती ठोकून "दोनशे वर्षं!" असं सांगितलं. साहेब म्हणाले, "चाळीस आणि दोनशे यांच्या मधलं कुणी सांगणार असेल तर रविवारी जागेवरच सुनावणी घेऊ," आणि गेले.

रविवारी उदयसिंहानं हुकमी पान आणलं. खुद्द गणपतराव. ऐंशी कधीच ओलांडलेली, डोक्याला फेटा, मिशा अजून ताठ. जमीन त्यांची होती, म्हणजे त्यांच्या शब्दापुढं बोलणार कोण? खुर्ची मांडली, चहा आला. अख्खी कॉलनी जमली.

"आजोबा," साहेबांनी विचारलं, "प्लॉट पाडले तेव्हा ही चिंच इथं होती का?"

"न्हवती," गणपतराव म्हणाले. पोरानं पढवलेलं त्यांना चांगलं पाठ होतं. "प्लॉट पाडल्यावर उगावली. चाळीस वर्सं झाली असतील."

उदयसिंहानं रुमालानं मान पुसली. साहेब लिहायला लागले. आमचे चेहरे पडले.

अक्का पायरीवर बसल्या होत्या. तिथूनच म्हणाल्या, "असंल बाबा. म्हातारं माणूस, त्यांना तरी तवाचं काय आठवणार? कोण म्हंत होतं गणपतराव पैलवान होते म्हणून. मी तर इतकी वर्सं हितं हाय, कदी ऐकलो न्हाय."

गणपतरावांचा कप ओठांपाशी थांबला.

"काय ऐकला न्हाईसा?"

"तुमी पैलवान होता ते."

"आगं बाई!" गणपतराव उठूनच उभे राहिले. "ह्या पंचक्रोशीत इचार जा कुणालाबी! ही चिंच दिसती का? ह्या चिंचेच्या त्या पूर्वंकडच्या फांदीला दोर बांदून रोज पहाटं चढत होतो मी. दोर चढल्याबिगर दूद प्यायचं न्हाय, असा वस्तादाचा हुकूम हुता."

"आबा..." उदयसिंह म्हणाला.

"तू गप रं. तवा तू कुठं हुतास? एकदा त्या फांदीवरनं पडलो, हात मोडला. आन तसल्या मोडक्या हातानं गारगोटीच्या फडात कुस्ती मारली! फेटा बांदून मिरवणूक काडली लोकांनी!"

साहेबांनी पेन थांबवलं. "आजोबा, हे कधीचं?"

"लगीन झालं न्हवतं माजं. मिसरूड फुटलं न्हवतं."

"आणि उदयसिंह तुमचे थोरले?"

"धाकटा. दोन पोरींच्या पाठचा."

साहेब हळूच उदयसिंहाकडे वळले. त्याच्या विरळ केसांकडे, पिकलेल्या कल्ल्यांकडे पाहिलं आणि फार आदरानं विचारलं, "साहेब, आपलं वय काय?"

त्या दिवशी उदयसिंहानं वय सांगितलं नाही. पण ते त्याच्या डोक्यावर सगळ्यांना दिसत होतं.

"आबा, ती दुसरी चिंच हुती!" त्यानं शेवटचा प्रयत्न केला.

"दुसरी कुठली? आपल्या बांधाला एकच चिंच हुती. मी खोटं बोलालोय व्हय?"

मोडक्या हाताची कुस्ती बहुतेक खोटीच होती. पण झाडापुरते गणपतराव खरं बोलले होते आणि आधीचं खोटं साफ विसरून गेले होते. नंतर मी अक्कांना विचारलं, "हे तुमी मुद्दाम केलं का वो?" तर म्हणाल्या, "मी काय केलो? मला ठावं न्हवतं ते ठावं न्हाय म्हटलो."

चिंच हेरिटेज झाली. उदयसिंह पक्का माणूस. हरल्यावर आठवड्याच्या आत तो जिंकलेल्यांत जाऊन उभा राहिला. गेट पलीकडं सरकवलं आणि अपार्टमेंटचं नाव ठेवलं 'टॅमरिंड हेरिटेज'. चिंचेच्या बुंध्यावर मोठा फ्लेक्स लागला: 'वृक्षरक्षक मा. उदयसिंह यांचे हार्दिक अभिनंदन.' वर त्याचा फोटो, बाजूला गणपतरावांचा, खाली शुभेच्छुकांचे, आणि चिंचेचं एक पानसुद्धा नाही. फ्लेक्स खिळ्यांनी ठोकला होता. अक्का स्टूल आणि पक्कड घेऊन आल्या आणि एकेक खिळा उपटून काढला.

"मान द्यायचा म्हंत्यात, आन ज्याला द्यायचा त्यालाच खिळं मारत्यात," त्या म्हणाल्या.

मग सत्कार झाला. शाल, श्रीफळ, प्लास्टिकच्या कुंडीत प्लास्टिकचंच रोप. सूत्रसंचालकानं अक्कांना 'वृक्षमाता' म्हटलं, तेव्हा अक्कांनी माईक ओढून घेतला. "मला एकच पोरगा हाय, सम्मेद. ह्या झाडाची मी कोणबी न्हाय. पाला अजून टाकीत पडतोय."

इथं गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं.

पण सत्काराच्या पुढच्या रविवारी कॉलनीत करवतीचा आवाज आला. त्याच्या पुढच्या रविवारी दोन ठिकाणी. करवती सुट्टीच्या दिवशीच चालायच्या. झालं असं होतं की घरोघरी लोक आपापल्या झाडाचं वय मोजायला बसले होते. ज्याचं झाड चाळिशीच्या पुढं, तो करवतवाल्याचा पत्ता काढायला लागला. "हेरिटेज लागलं तर काय करायचं?" असं लोक विचारायचे, डेंगी लागल्यासारखं. कुणी फांद्या तारेला लागतात म्हणून, कुणी मुळं घराच्या पायात शिरतात म्हणून, बिनबोभाट मोकळे होत होते. कायदा ज्यांनी सांगितला त्या कृष्णातांनी आपलं जांभळाचं झाड सगळ्यात आधी उतरवलं. विचारलं तर म्हणाले, "मला कायदा ठावं हाय म्हणूनच की."

सयाजीच्या दारात आंबा आणि फणस होते. आंब्याचा बुंधा रस्त्यावर आडवा पडलेला बघून अक्का त्याच्या घरी गेल्या.

"आंबा का तोडलास रं?"

"तुमच्यामुळंच की, अक्का," सयाजी म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. उलट, सल्ला दिल्याबद्दल आभार मानावेत तसा तो बोलत होता. "उद्या साहेब टेप घेऊन आला म्हंजे? पोराला वर मजला चढवायचाय."

"आरं, पण तुझा आंबा पन्नासचा कुठं होता?"

"म्हणून तर तोडला. व्हायच्या आत. फणसालाबी पुढच्या रविवारी माणूस बोलावलाय."

अक्का घरी आल्या आणि पायरीवर बसल्या. माझी बायको त्यांना दळण द्यायला गेली होती, तिला म्हणाल्या, "एक झाड राखाय गेलो आन अख्खी कॉलनी बोडकी केलो की गं." झाडातही जीव असतो हे त्यांनी जन्मभर प्रवचनात ऐकलं होतं. चिंचेला त्यांनी त्यातून परस्पर वगळलं होतं. आता चिंच वाचली होती आणि बाकीचे जीव चालले होते. संध्याकाळी सूर्य मावळायच्या आत जेवायचा त्यांचा नेम. त्या दिवशी सूर्य मावळून गेला आणि अक्का जेवल्या नाहीत.

अक्का झाडांच्या साहेबांकडे गेल्या. साहेब म्हणाले, "तक्रार द्या, मी पंचनामा करतो, कारवाई करतो. पण अक्का, पडलेलं झाड मला उभं करता येत नाही."

लोकांना समजावून काही होणार नव्हतं. झाडं का जपावीत याचं भाषण कॉलनीतला प्रत्येक जण त्यांच्यापेक्षा चांगलं देऊ शकत होता. मग अक्कांनी वेगळाच रस्ता धरला.

आमच्या कॉलनीत दोन गल्ल्या. पुढची, म्हणजे आमची आणि अक्कांची, आणि मागची. दोन्हींची मंडळं वेगळी, गणपती वेगळे, फुटबॉलचे संघ वेगळे. पुढच्या गल्लीनं कमान केली की मागची तिच्याहून हातभर उंच करणार. ही ईर्षा नसती तर कॉलनीतली निम्मी कामं झालीच नसती. अक्का सकाळी दूध आणायला डेअरीवर गेल्या. तिथं मागच्या गल्लीतली माणसं उभी होती. अक्कांनी सहज विचारलं, "तुमच्या गल्लीत हेरिटेज झाड एकबी न्हाय व्हय वो?"

एवढंच. मग देवळातून येताना पुढच्या गल्लीत थांबल्या. "मागची गल्ली साहेबांना बोलावणार म्हणं. खरं का ते?"

खोटं एक अक्षर बोलल्या नाहीत. नुसतं विचारलं.

संध्याकाळी मागच्या गल्लीतल्या पिंपळाखाली बैठक भरली. दोन दिवसांत तिथं फ्लेक्स लागला, 'आमचा पिंपळ, आमचा स्वाभिमान', आणि तोही काठ्यांवर, कारण खिळा मारणाऱ्याला अक्कांनी आधीच गाठलं होतं. पहिला नंबर आपलाच लागावा म्हणून पुढच्या गल्लीनं लगेच आपला उंबर पुढं केला, बकुळ पुढं केली. ज्या झाडांना कालपर्यंत पस्तीस वर्षं होती ती एका रात्रीत शंभरी ओलांडून गेली. कुणी नीलगिरीला तीनशे वर्षांची ठरवली. कृष्णात आपल्या जांभळाच्या बुडख्यासमोर उभे राहून, हे असतं तर दीडशेचं असतं, असं हळहळून सांगायला लागले. झाडांच्या साहेबांना आठवड्यातून दोनदोनदा बोलावणी यायला लागली. खरी जुनी झाडं अशी किती असणार? पण तीसुद्धा यातच सापडली. मागच्या गल्लीतला पिंपळ खरोखरच साठीपुढचा निघाला.

करवती थांबल्या. एकानं रविवारी माणूस बोलावला, तर त्याच्याच गल्लीतली पोरं दारात येऊन उभी राहिली. "काका, गल्लीचा नंबर घालवतासा व्हय?" काकांनी त्या माणसाला चहा पाजून परत पाठवलं. सयाजीनंही फणसाची सुपारी रद्द केली आणि साहेबांना निरोप धाडला.

साहेब आले. दोन्ही गल्ल्या जमल्या होत्या. सयाजीनं फणसाला हार घातला होता.

"किती वर्षांचा?"

"आज्जानं लावलेला, साहेब. ऐंशी तरी असंल."

साहेबांनी घेर मोजला आणि उसासा सोडला. गर्दीत त्यांना अक्का दिसल्या. "अक्का, तुमचा शब्द मी मानतो. हा फणस किती वर्षांचा?"

सयाजीनं अक्कांकडे पाहिलं. साऱ्या पुढच्या गल्लीनं पाहिलं. एक होकार दिला असता तर गल्लीचा नंबर वर गेला असता, फणसही राहिला असता. अक्कांनी एकदा फणसाकडे बघितलं.

"पस्तीस," त्या म्हणाल्या. "त्याच्या थोरल्या लेकीच्या बारशाला लावलेला. पेढं खाल्लोय मी."

मागच्या गल्लीत हशा पिकला. सयाजी लालबुंद झाला. "अक्का, तुमी आमच्या गल्लीच्या असून?"

"गल्लीचा हाय म्हणून फणसाला तुझा आज्जा करू व्हय?"

साहेबांनी टेप पिशवीत टाकला. "पन्नास झाली की कळवा," ते म्हणाले. मागच्या गल्लीतून कुणीतरी ओरडलं, "तवर ठेवतोय काय त्यो!"

"ठेवतोय काय म्हंजे?" सयाजी गर्रकन वळला. "पंधराच वर्सं ऱ्हायली! फणसबी राखतो आन मीबी जिता ऱ्हातो. कुणी हात लावून तर बघू दे! आरं ए," त्यानं घरात बघून पोराला हाक मारली, "वरचा जिना मागच्या अंगानं काड. हितनं न्हाय."

"आन मदी मोडला तर?" अक्कांनी विचारलं.

"माझा फणस मोडंल? अक्का, पंधरा वर्सांनी याच जागी तुमाला उभं करतो आन साहेबाला मोजाय लावतो. यायचं हं तुमी!"

"येतो की," अक्का म्हणाल्या. "पेढं ठेव."